बिनधुराचा गोठा

परभणी जिल्ह्यात कोणी हौसेने फिरायला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तिथे बदली होते, सोयरीक जुळते, नाहीतर कोर्टाचं काम निघतं. मी गेलो तो चिलटं पकडायला. हे वाक्य मी त्या प्रवासात इतक्या लोकांना सांगितलं, आणि इतक्या लोकांनी ते ऐकून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, की आता मला त्याची लाज वाटेनाशी झाली आहे.

आधी कामाचं सांगून टाकतो. गुरांना एक ताप येतो, त्याला तिवा म्हणतात. जनावर सकाळी धडधाकट असतं, दुपारी एका पायाने लंगडतं आणि संध्याकाळी बसतं ते उठत नाही. तीन दिवस असं पडून राहतं आणि बहुतेक वेळा आपलं आपणच उभं राहतं. हा ताप एका विषाणूचा आहे आणि तो विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात नेणारा कोणीतरी चावरा कीटक आहे, इथवर आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांचं एकमत आहे. कोणता कीटक, यावर मात्र जोरात भांडणं चालतात. डास म्हणणारे साहेब वेगळे, चिलटं म्हणणारे वेगळे. मी साहेब नाही. मी संध्याकाळी गोठ्यात बसून काचेच्या नळीने कीटक ओढून घेणारा माणूस आहे. नळीला रबराची लांब शेपटी असते. तिचं टोक तोंडात धरायचं, नळीचं तोंड बसलेल्या किड्यावर न्यायचं आणि हळूच श्वास आत घ्यायचा. मध्ये जाळी असते, म्हणून किडा पोटात जात नाही. हेही मला लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या वर्षीचा श्रावण होता. नवे जिल्हे कागदावर आमच्याकडे आले होते, तिथली चिलटं अजून कोणी पाहिली नव्हती. निघताना साहेबांनी बजावलं, "निरोगी गुरांवरचे कीटक कोणीही आणेल. तापाच्या पहिल्या दिवशी जनावरावर बसलेले हवेत, भरपूर, आणि बर्फात. तेवढे आणलेत तर बाकी काही नको." असे कीटक आजवर कोणीच आणले नव्हते, कारण ताप सांगून येत नाही, आणि माणूस पोचेपर्यंत जनावर उठून चरायला गेलेलं असतं.

पाठवायला माझी निवड झाली याचं कारण सरळ होतं. बाकीच्यांच्या घरी मंगळागौरी होत्या, बारशी होती, सत्यनारायण होते. माझ्या घरी कुलूप होतं. घर म्हणजे पुण्यातली एक खोली, जेवण खाणावळीत. रत्नागिरीकडचं मूळ घर भावाच्या ताब्यात, आणि चाळिशी आली तरी माझ्या लग्नाचा योग नाही. अशा माणसाला कधीही कुठेही पाठवता येतं आणि त्याबद्दल कोणाची समजूत काढावी लागत नाही.

परभणी

मनमाडला छोट्या गाडीत बसलो आणि परभणीला उतरलो तेव्हा बारीक पाऊस पडत होता. दुकानांच्या पाट्यांवरची देवनागरी अजून नवी वाटत होती आणि रंगाखालून जुनी उर्दू डोकावत होती. चहावाला मराठीतच बोलत होता, पण 'जल्दी', 'फिकीर', 'बेजार' हे शब्द त्याच्या तोंडात असे मुरलेले होते की ते बाहेरचे आहेत असं त्याला सांगितलं असतं तर तो माझ्यावर रागावला असता. "कुठून आलाव?" त्याने विचारलं. पुण्याहून, म्हणालो. "कामून?" मी कामाचं सांगितलं. तो थोडा वेळ माझ्या पेटीकडे बघत राहिला. "म्हंजी माश्या मारायला सरकार पगार देतंय," तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला. मी म्हणालो, "मारायला नाही, पकडायला." त्यावर दोघेही जास्तच हसले.

मुक्काम धर्मशाळेत. माझ्या शेजारी नातवाचं जावळ काढायला निघालेलं एक मोठं कुटुंब उतरलं होतं. त्यांनी गाठोडी सोडली, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असं मांडलं, आणि मला न विचारता माझ्याही हातावर भाकरी ठेवली. आम्ही भात खाणारे लोक. ज्वारीची भाकरी पहिल्या घासाला घशात फिरते, तिसऱ्या घासानंतर सुटत नाही. जेवून ते सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून बोलत बसले. कोणाची सून, कोणाचा गुडघा, कोणाची म्हैस. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. आपल्याबद्दल असं तासभर बोलत बसेल असं या जगात कोणी नाही, हे मला त्या भिंतीशी अगदी स्वच्छ कळलं. वाईट वाटलं. वाटलं नाही असं कशाला सांगू?

सकाळी स्टेशनाजवळ बर्फाची सोय केली. लाकडी पेटीत भुसा, भुशात बर्फ, बर्फात माझ्या नळ्या. मी कुठेही असलो तरी बर्फाची लादी रोज बसने पाठवायची असं ठरलं. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, माणसाला सरबत मिळना इकडं, आन् तुमी चिलटाला बर्फ द्यायलाव."

ताडकळस

ताडकळसला तिवा आहे असं परभणीच्या गुरांच्या दवाखान्यात कळलं होतं, म्हणून आधी तिकडे गेलो. वाटेवर दोन्ही बाजूंना गुडघाभर कापूस आणि त्याच्यामध्ये काळी जमीन, इतकी काळी की आमच्या तांबड्या मातीत वाढलेल्या डोळ्यांना ती ओली नसतानाही ओली दिसते. ओली असते तेव्हा ती वहाण ठेवून घेते. माझी डावी वहाण तिने बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर ठेवून घेतली. ती उपसून काढायला दोन बायका थांबल्या आणि मी कोण याची चौकशी करूनच पुढे गेल्या.

ज्यांच्याकडे उतरलो ते मोठे शेतकरी होते. गोठा ऐसपैस, बैल अंगाने भरलेले, माझं मन प्रसन्न झालं. दिवस मावळायच्या सुमाराला मी नळ्या सज्ज केल्या, रबरी शेपटी तोंडात धरली आणि गोठ्यात पाऊल टाकलं तर आत धुराशिवाय काही दिसेना. कडुलिंबाचा ओला पाला, खाली गोवऱ्या, चारी कोपऱ्यांत घमेली पेटवलेली. यजमान डोळे पुसत पुढे आले आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "सायेब, फिकीर करू नका. सरकारी पाव्हण्याला एक डास चावू देणार न्हाई आमी."

मी खोकत खोकत सांगितलं की मला चावणारेच हवे आहेत, धूर बंद करा. त्यांना आधी वाटलं मी संकोचाने बोलतोय. मग खरंच वाटलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "म्हंजी आमच्या बैलाला माश्या चावू द्यायच्या आन् तुमी बघत बसणार? पोळा आठ दिवसांवर आलाय, सायेब."

आमच्या कोकणात पोळा नाही. त्यामुळे आपण काय मागतो आहोत हे मला उशिरा कळलं. पोळ्याच्या आधीचे दिवस बैलाचे. त्याला कामाला जुंपत नाहीत, धुतात, खरारा करतात, शिंगं साळतात. त्या दिवसांत त्याला माश्यांत बसवा म्हणणं हे हळद लागलेल्या नवरदेवाला उकिरड्यावर बसवा म्हणण्यासारखंच. ताडकळसमध्ये मी घरोघर फिरलो. प्रत्येक ठिकाणी मला चहा मिळाला, धपाटं मिळालं, आणि माझ्या सन्मानार्थ धूर जरा जास्तच मिळाला. माझे अंगरखे, उशी, केस, सगळ्याला कडुलिंबाचा वास येऊ लागला. नळ्या रिकाम्याच राहिल्या. आपल्या आदरापायी आपलंच काम बुडतं आहे आणि रागवायला कोणी नाही, अशी मोठी गमतीची आणि एकटी अवस्था होती ती.

आठवडी बाजारात एका बांगड्या विकणाऱ्या कासाराने माझी हकीकत ऐकली. तो गावोगाव फिरणारा. म्हणाला, "बिनधुराचा गोठा पायजे का तुमाला? मंग बोरीला जा. गयाबाईच्या गोठ्यात धूर नसतो. तिला दमा हाय."

बोरी

बोरी जिंतूरच्या रस्त्यावर. गयाबाईचं घर गावाच्या टोकाला, आणि गोठा म्हणजे घराचीच एक बाजू, मध्ये कमरेइतकी भिंत. गयाबाई साठीच्या आसपासची, काटकुळी, बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोडं रान आणि एक बैल. तांबडा, कंधारी जातीचा, रुंद कपाळाचा, नाव माणक्या. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून शेजारी राहणारा तिचा दीर किसनराव आपला बैल माणक्याशी जोडून दोघांची राने करीत असे. माणक्या होता म्हणून ती जोडी होती, आणि जोडी होती म्हणून तिचं रान तिच्याकडे राहिलं होतं.

मी कामाचं सांगितलं तेव्हा हसली नाही ती एकटीच. म्हणाली, "माश्या न्यायच्या? न्या की बाबा. लागतील तेवढ्या न्या. मोजून न्हाई द्यायची मी."

त्या गोठ्यात मी दोन संध्याकाळी काम केलं आणि पुण्यात वर्षभरात मिळाले नसतील इतके कीटक मिळाले. माणक्या शेपटी हलवून हलवून थकायचा. मी त्याच्या पोटाखाली उकिडवा बसून श्वास ओढायचो. तो अधूनमधून मान वळवून माझ्याकडे बघायचा. गयाबाई भिंतीपलीकडे भाकरी थापत त्याच्याशी बोलायची. मुगाच्या शेंगा कोणी चोरल्या, पाऊस कसा हुलकावणी देतो, किसनरावाची बायको कशी फटकळ आहे, सगळं. पहिल्यांदा मला वाटलं माझ्याशी बोलते आहे, म्हणून मी "हो, हो" केलं. ती म्हणाली, "तुमाला न्हाई, त्याला सांगायलेय." मग मला वाढायची. येसराची तिखटजाळ आमटी, भाकरी, कांदा. मी जेवत असताना ती पाठमोरी बसायची. माझ्यापेक्षा तिचं बरं होतं, तिला ऐकायला बैल तरी होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माणक्या पाण्यावर जाताना मागच्या पायाने लंगडला. मी पाहिलं. खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. ज्याच्यासाठी मला इतक्या लांब पाठवलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत सुरू होत होतं. दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, अंग भट्टीसारखं तापलं, आणि उन्हं कलायच्या आत तो गुडघे मोडून बसला तो बसलाच. गयाबाईने त्याचं नाव घेऊन हाक मारली. त्याने कान हलवला, मान उचलली नाही.

बातमी लागलीच पसरली. ढोरांचे डॉक्टर जिंतूरकडे दौऱ्यावर होते, त्यांचा पत्ता लागेना. किसनराव धावत आला तो हातात वेळूचं नळकांडं आणि तांब्या घेऊनच. तांब्यात जवसाचं तेल, लसूण, ओवा. बैल बसला की त्याचं तोंड वर करून हे घशात ओतायचं, ही तिकडची रीत. माया म्हणूनच करतात. घरचं तेल नसलं तर शेजारचं आणून ओततात.

मी मध्ये उभा राहिलो. "ओतू नका. तिव्यात बैलाचा घसा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही. तेल पोटात जायचं नाही, फुप्फुसात जाईल. तिव्याने बैल मरत नाही, या तेलाने मरतो."

"मंग काय करायचं?"

"काही नाही. घोटभर पाणीसुद्धा ओतायचं नाही. सावली द्यायची, कूस बदलायची आणि वाट बघायची."

किसनराव माझ्याकडे बघतच राहिला. "काई करू नका, हे सांगाया पुन्याहून आलाव तुमी?" बाहेर जमलेले लोक हसले. तो हसला नाही. "आन् मला येक सांगा. इतकी सालं ह्या बैलाला काई झालं न्हाई. तुमी काचंच्या नळ्या घेऊन आलाव आन् ह्यो बसला. काय भरून आणलंव तुमी त्यात?"

मी सांगायला लागलो, पण भरलेली नळी हातात धरून मी काहीही सांगितलं असतं तरी ते खरं वाटलं नसतं. गयाबाई माणक्याच्या मानेपाशी बसली होती. तिने एकदा नळकांड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुमचा बैल असता तर?" तिने विचारलं.

"मला बैल नाही, मावशी. माझं कोणीच नाही."

हे मी का बोललो, कळलं नाही. निघून गेलं तोंडातून. तिने माणक्याच्या मानेवरून हात फिरवला. मग दिराला म्हणाली, "किसनराव, तेल ऱ्हाऊ द्या." आणि मला म्हणाली, "तुमच्या सबुदावर ठिवायलेय मी ह्याला. मंग ह्यो उठंस्तोवर तुमी हितनं हलायचं न्हाई. जायाचंच असंल, तर ह्यालाबी तुमच्याच पेटीवर बसवून न्या."

किसनराव नळकांडं घेऊन गेला. आपला बैल त्याने त्याच दिवशी मळ्यातल्या झोपडीपाशी हलवला. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

मग संध्याकाळ झाली. आणि चिलटं आली. पडलेल्या बैलाला शेपटी हलवता येत नाही हे त्यांना कोण सांगतं, देव जाणे. डोळ्यांच्या कडांना, नाकपुड्यांत, कानाच्या आत, पोटाच्या कातड्यावर, नुसता थर बसला. मी नळी तोंडात धरली. पहिली नळी भरायला लागली. तापाच्या पहिल्या दिवशीचं जनावर, त्याच्यावर बसलेले कीटक आणि पेटीत सकाळचाच ताजा बर्फ. माझ्या सगळ्या नोकरीत अशी संध्याकाळ आली नव्हती आणि पुन्हा येणार नव्हती. मी हलक्या हाताने, भराभर काम करत होतो.

भिंतीपलीकडे काहीतरी मोडल्याचा आवाज आला. गयाबाई गोवऱ्या मोडत होती. घमेल्यात विस्तव घालून वर कडुलिंबाचा पाला टाकला आणि ते घमेलं पदराने धरून ती गोठ्यात आली. पहिला धूर उठला तशी ती वाकली. तिचा तो खोकला मी अजून विसरलो नाही. श्वास आत जातच नव्हता, नुसती शीळ वाजत होती. तरी ती घमेलं माणक्याच्या तोंडाजवळ सरकवत होती.

"मावशी, तुम्हाला सोसत नाही. आणि आता ताप आलाच आहे, धुराने तो उतरायचा नाही."

"ताप ऱ्हाऊ द्या," ती श्वास मिळाला तेवढ्यात म्हणाली. "डोळ्यात बसायलेत त्याच्या. त्याला... हाकलता येईना. मला बघवत न्हाई." पुन्हा खोकली. "दरसाल... माझ्यापायी ह्याला चावत्यात. माझ्या दम्यापायी."

शास्त्राने माझंच बरोबर होतं. एवढी एक संध्याकाळ धूर नको, असं मी तिला म्हणू शकलो असतो. ती ऐकतीही, कारण बैल तिने माझ्या शब्दावर ठेवला होता. मी तोंडातली रबरी नळी काढली, घमेलं तिच्या हातातून घेतलं आणि तिला अंगणात, वाऱ्याच्या उलट बाजूला, बाजेवर बसवून आलो. मग ताडकळसला पाहिलं होतं तसं चारी कोपऱ्यांत धूर केला. पाला ओला हवा, विस्तव खाली दबलेला हवा, जाळ होऊ द्यायचा नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माणक्याच्या अंगावरचा थर हलला, उठला, आणि हां हां म्हणता गोठ्याबाहेर गेला. माझ्या हाताशी एक अर्धीमुर्धी भरलेली नळी राहिली. तेवढ्यावर काही होत नाही, असं पुढे पुण्याला साहेब म्हणाले, आणि आणखीही बरंच म्हणाले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोळ्याआधी

दुसरा दिवस वाट बघण्यात गेला. काहीच न करणं हे जगातलं सगळ्यात कष्टाचं काम आहे. बैल एकाच कुशीवर राहिला तर पाय बधिर होतात, म्हणून त्याला वळवायचं होतं, आणि ते एकट्याचं काम नव्हे. मी बाहेर येऊन वाट बघत होतो तर किसनराव दोन गडी घेऊन आला. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. वळवलं, कडब्याच्या पेंढ्यांचा टेकू दिला आणि मळ्यात जाण्याआधी, आपल्या बैलाला ताप लागू नये म्हणून, विहिरीवर अंघोळ करून गेला. दुपारी पुन्हा आला, संध्याकाळी पुन्हा. जाताना दरवेळी बैलाच्या नाकावर हात ठेवून बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. त्या बघण्याची मला भीती वाटायची. तिव्यातून शंभरातलं एखादं जनावर उठत नाही, हे मला माहीत होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

दिवस मावळला की धूर माझा. गयाबाई अंगणात बसून तिथूनच माणक्याशी बोलायची, आणि तो उत्तर देत नाही म्हणून मध्येच गप्प व्हायची. अशाच एका गप्प बसण्यात तिने विचारलं, "तुमच्याकडं पोळ्याला काय करत्यात?"

"आमच्याकडे पोळा नसतो, मावशी."

"मंग बैलाला कवा जेवू घालत्यात?"

मी उठून घमेल्यातला पाला वरखाली केला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी मी पाण्याची बादली माणक्याच्या तोंडापुढे ठेवली, ओतली नाही. त्याने ओठ बुडवला. थांबला. मग घशातून घटघट आवाज आला. गयाबाईला मी हाक मारली ती ओरडूनच. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तेव्हा त्याने मागचे पाय गोळा केले, एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला, आणि उभा राहिला. चारी पाय थरथरत होते. गयाबाईने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि ती रडली. मी पेटी आवरायचं निमित्त करून आत गेलो, कारण मलाही रडू येत होतं आणि माझ्या रडण्याचा तिथे काय संबंध, असं मला वाटलं.

संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा हळद आणि लोण्याने मळायचा, आणि मग त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. हे पुरुषाने करायचं. दरवर्षी दोन्ही बैलांचं किसनरावच करायचा, पण औंदा त्याचा बैल मळ्यात, आणि अंघोळ केली तरी एकाच संध्याकाळी आजाऱ्याचा खांदा मळून निरोग्याचा मळायचा नाही असं त्याने ठरवलेलं. गयाबाई वाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"तुमी मळा."

"मला येत नाही, मावशी."

"खांदा तर हाय ना डोळ्याम्होरं? मळा."

मी मळला. जुवाखाली कातडं घट्ट झालेलं, जोड्याच्या तळासारखं. हळूहळू ते मऊ लागायला लागलं. माणक्याने डोळे मिटून घेतले. मग तिने सांगितलं तसं मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." चाळीस वर्षांत मी कोणाला घरी जेवायला बोलावलं नव्हतं. बोलवायला माझ्याकडे घरच नव्हतं.

पोळा

सकाळच्या बसने निघायचं मी ठरवलं होतं. सणामुळे बर्फाची लादी यायची नव्हती, काम बुडालंच होतं, राहायला काही कारण नव्हतं. पेटी उचलून मी निरोप घ्यायला गेलो तर गयाबाई चुलीपुढे पुरण वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "कुठं निघालाव?"

"परभणीला. माझं काम झालं, मावशी. बैल उठला."

"आन् आवतन कुणी दिलं?"

मी म्हणालो, मी दिलं, पण ते तुमच्या वतीने.

"वतीनं कसलं? आवतन येकानं द्यायचं आन् घरी दुसऱ्यानं ऱ्हायचं, असं कुठं असतंय का? ज्यानं बोलावलं त्यानं घरात पायजे. पाव्हणा आला न् घरधनी गेला म्हंजी पाव्हण्यानं काय समजायचं?"

बस रस्त्यावर थांबली, हॉर्न वाजवला आणि गेली.

तिव्यातून उठलेल्या बैलाला लगेच चालवायचं नसतं, म्हणून माणक्याला मिरवणुकीला न्यायचं नाही असं मीच सांगितलं होतं. दुपारी वेशीकडून हलगी ऐकू आली. गावातले सगळे बैल झुली घालून तिकडे गेले. गल्ली रिकामी झाली. आम्ही तिघेच मागे उरलो. गयाबाईने माणक्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, कपाळाला बाशिंग बांधलं, आणि तोंड फिरवून एकदा हलगीच्या दिशेने बघितलं. मग सुपात पुरणपोळी ठेवून ते सूप तिने माझ्या हातात दिलं.

मी ते त्याच्यापुढे धरलं. त्याने हुंगलं आणि मान बाजूला केली. पुन्हा धरलं, पुन्हा मान फिरवली. मी गयाबाईकडे पाहिलं.

"नुसतं धरून काय हुतंय?" ती म्हणाली. "बोलावलंव ना? मंग 'जेवा' म्हणावं लागतंय."

मी म्हणालो, "जेवा."

माणक्याने माझ्याकडे पाहिलं, जीभ बाहेर काढली आणि अख्खी पोळी ओढून घेतली. गयाबाई दुसरी आणायला आत गेली. मी सूप धरून तिथेच उभा राहिलो. घरी पाहुणा जेवत असताना यजमानाने जागा सोडायची नसते, एवढं मला माहीत होतं.